गाडी उभी आहे, थांबलेली नाही

आमच्या स्टेशनात संध्याकाळची जलद गाडी जवळजवळ रोज उभी राहायची, पण थांबायची मात्र कधीच नाही. ज्यांना हे वाक्य वेडगळ वाटतं त्यांनी रेल्वेशी वाद घालून बघावा. मी घातला आहे आणि हरलेही आहे. पण त्या हरण्यातूनच माझं डी.एड. पार पडलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव नगर-दौंड लाईनवरचं. स्टेशन म्हणजे एक दगडी खोली, एक कडुलिंब, त्याच्याखाली पिण्याच्या पाण्याचा रांजण आणि एकाच बाजूला बुटका फलाट. स्टेशनातून निघून ओढा ओलांडला की आमची वस्ती. मी मॅट्रिक झाले, नगरच्या अध्यापक विद्यालयात नंबर लागला आणि आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलेना. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोरडवाहू ज्वारी पिकवणारे. तसे तापट नव्हते, पण एकदा नाही म्हणाले की औतात बसलेला बैल बरा. वसतिगृहाला तर त्यांनी साफ नकार दिला. आईनं काय मंत्र घातला कोण जाणे, एका सकाळी बैलांना पाणी पाजता पाजता त्यांनी निकाल सांगितला.

"जा. पन दिवा लागायच्या आत घरात पायजे. येक दिस जरी दिवा लागल्यावर आलीस, तर दुसऱ्या दिशी साळा बंद."

मी लगेच व्हय म्हणाले. न म्हणायला काय झालं होतं? सकाळी पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी पॅसेंजरनं यायचं. ती ऊन असतानाच आमच्या स्टेशनात यायची आणि मी घरी पोचायचे तेव्हा कोंबड्या अजून अंगणात दाणे टिपत असायच्या. वीज आमच्या वस्तीवर आली नव्हती. दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत आई सांजवात लावायची आणि मग कंदील. तोवर माझं अर्धं पाठांतर उरकलेलं असायचं.

हे सुख दिवाळीपर्यंत टिकलं. मग नवं वेळापत्रक आलं आणि त्यात कुणातरी थोर माणसानं आमची पॅसेंजर सरकवून थेट जेवणवेळेच्या पलीकडे नेली. आता नगरहून उजेडी निघणारी एकच गाडी उरली, ती ही जलद गाडी. नगर सुटलं की ती मधल्या बारक्या स्टेशनांना हिंग लावूनही विचारायची नाही. एकदम श्रीगोंदा रोडला थांबायची, आमच्या पुढच्या मोठ्या स्टेशनात.

पण आमची लाईन एकेरी. समोरून दौंडची पॅसेंजर यायची असायची आणि दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर काय बोलणार? म्हणून जलद गाडीला आमच्याच स्टेशनात बाजूच्या रुळावर घ्यायचे. पॅसेंजर येऊन फलाटाला लागेपर्यंत ती बाई गुपचूप उभी. याला क्रॉसिंग म्हणतात. मला वाटलं, वा! देव तारी त्याला कोण मारी. पास घेऊन मी त्या गाडीत बसले.

नगर सुटलं तसा टी.सी. आला. काळा कोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि चेहरा गणिताचा पेपर तपासणाऱ्या मास्तरांचा. पास दोन्ही बाजूंनी वाचून म्हणाला, "हा पास या गाडीला लागू नाही."

"का? स्टेशन तर वाटेतलंच आहे."

"वाटेत पुष्कळ काही आहे. ओढे आहेत, बाभळी आहेत. ही गाडी त्या स्टेशनात थांबत नाही. जिथं गाडीला थांबा नाही तिथलं तिकीट त्या गाडीत चालत नाही."

"पण रोज थांबते की तिथं! सगळं गाव बघतं."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, गाडी तिथं उभी असते. थांबलेली नसते."

माझा स्वभाव मुळातच वाकडा. समोरचा शांतपणे बोलायला लागला की मी जास्त तापते. मी म्हणाले, "बैल उभा राहिला काय आन थांबला काय, औत पुढं जातंय का?" डब्यातली बाजारकरी माणसं हसली. टी.सी. हसला नाही. पहिली वेळ म्हणून दंड केला नाही, एवढंच. श्रीगोंदा रोडपर्यंतचा पास काढा, मग या गाडीत बसायला तुमची कुणी अडवणूक करणार नाही, असं सांगून तो पुढच्या माणसाकडे वळला. त्या संध्याकाळी तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला असताना मी खडीवर उतरले आणि फाटक टाळून घर गाठलं.

मी तसा पास काढला. म्हणजे जिथं जायचं नाही तिथला पास असेल तर गाडीत बसायला मी लायक, आणि जिथं राहते तिथला असेल तर चोर. हा न्याय मला आजही पचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राहिली. मी पिशवी घेऊन दाराशी गेले, तर दारात टी.सी.

"कुठं निघालात?"

"घरी."

"तुमचा पास श्रीगोंदा रोडचा आहे. इथं ही गाडी प्रवाशांना उतरवत नाही."

"मी माझी उतरते. गाडीनं नका उतरवू."

खाली खडी, समोर कडुलिंब, त्याखाली रांजण. समोरून येणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी लांबून ऐकू आली. टी.सी.नं रांजणाकडे पाहिलं आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात म्हणाला, "गाडी उभी असताना एखादा प्रवासी पाणी प्यायला खाली उतरला, तर त्याला हरकत घेता येत नाही. तहान काही वेळापत्रक बघून लागत नाही."

मी पिशवी काखेत मारली.

"मात्र गाडी सुटायच्या आत त्यानं परत चढावं," तो म्हणाला. "न चढल्यास त्याची गाडी चुकते. त्याला रेल्वे जबाबदार नाही."

एवढं बोलून तो दारातून बाजूला झाला आणि पलीकडच्या खिडकीतून फार महत्त्वाचं काही दिसत असल्यासारखा बघत बसला. मी खडीवर उडी मारली, रांजणापाशी गेले, पेलाभर पाणी प्यायले. पॅसेंजर आली, जलद गाडीला सिग्नल मिळाला, गाडी सुटली आणि माझी गाडी चुकली.

त्यानंतर माझी गाडी रोज चुकायला लागली. सुट्टीचे दिवस सोडले तर माझ्याइतक्या नेमानं गाडी चुकवणारा प्रवासी रेल्वेला मिळाला नसेल.

स्टेशन मास्तरांचा प्रश्न वेगळाच होता. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. गाडी चुकली त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी अडवलं. "कुठून आलात?"

"नगरहून."

"शक्य नाही. नगरहून आत्ता कुठलीच गाडी इथं आलेली नाही."

"ही काय आत्ता गेली!"

"ती इथं येत नाही, इथून जाते. माझ्या लेखी तुम्ही अजून गाडीतच आहात."

मी सांगितलं, की पाणी प्यायला उतरले होते, गाडी चुकली. मास्तरांनी मान डोलावली. असं होतं खरं, म्हणाले, घाईनं पाणी पिऊ नये, ठसका लागतो. रोज मी फाटकातून बाहेर पडताना ते हळहळायचे, "चुकली का आजही? अरेरे." आणि रांजणावर पेला नेहमी घासून पालथा घातलेला असायचा. दुष्काळाच्या साली गावच्या विहिरींनी तळ गाठला, तसा तो रांजणही कोरडा पडला. तरी मला तहान लागायचीच. मी रिकामा पेला तोंडाला लावायचे, मास्तर तिकडून विचारायचे, "पुरलं का पाणी?" आणि मी म्हणायचे, पुरलं.

घरी या सगळ्याचा सर्वांत मोठा रसिक म्हणजे अण्णा. जेवून झालं की ते पान-तंबाखूची चंची सोडायचे आणि मला विचारायचे, "काय म्हनला आज तुजा टीशी?" मी टी.सी.सारखा चष्मा पुसून दाखवायचे. "गाडी उभी आहे, थांबलेली नाही" हे ऐकून पहिल्यांदा ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग गावभर सांगत सुटले. कुणी उसनी नेलेली पेरणीची पाभर परत द्यायला उशीर केला की म्हणायचे, "आरं दिली न्हाई म्या तुला, नुसती उभी केल्ती तुज्या दारात." पण हसून झालं की डोळे बारीक करून एवढं मात्र विचारायचेच, "दिवा लागायच्या आत आलीस न्हवं?" त्यात कधी खाडा झाला नाही. अट ती अट.

आणि अडचण तिथंच होती. रेल्वेचं वेळापत्रक एकदा छापलं की छापलं, सूर्याचं तसं नसतं. थंडी पडली, दिवस लहान झाले. क्रॉसिंग जरा लांबलं की ओढ्यातच अंधारायचं आणि मी पिशवी छातीशी धरून पळत सुटायचे. पळताना एकच हिशेब डोक्यात, आजची मुदत टळली तर उद्यापासून खुरपं हातात. मला मास्तरीण व्हायचं होतं. फळ्यासमोर उभं राहायचं होतं. गावात तोवर एकही मुलगी त्या वाटेनं गेली नव्हती, आणि मी परत फिरले असते तर पुढं कुणाला जाऊही दिलं नसतं.

पण गंमत अशी, की मी कितीही उशिरा पोचले तरी आमच्या देवळीत अंधार. शेजारच्या वस्तीवर कंदील लागलेले, आमच्या घरात मात्र भुतं नाचावीत तसा काळोख आणि अण्णा ओसरीवर कुरकुरत बसलेले. माझी चप्पल उंबऱ्याशी वाजली रे वाजली की आत काडी ओढल्याचा आवाज यायचा. सुरुवातीला मला हा योगायोग वाटला. मग एकदा अण्णांचं बोलणं कानावर आलं.

"आगं, आज दिवा हाय का न्हाई?"

"काडीपेटी घावंना," आई आतून म्हणाली.

"काल वात घावत न्हवती."

"आन परवा हात शेनाचे हुते. शेनाच्या हातानं दिवा लावू व्हय?"

माझी आई अशी की अंधारात सुईत दोरा ओवायची. तिला काडीपेटी सापडत नव्हती! दिवा लागायच्या आत, एवढंच अण्णा म्हणाले होते, आणि दिवा लावणं बाईच्या हातात. टी.सी.नं मला जी वाट दाखवली, तीच ही निरक्षर बाई कुणी न शिकवता रोज चुलीपुढे बसून चालत होती. मी तिला विचारलं तेव्हा तिनं मला भाकरीच्या पिठाचा हात दाखवून गप्प केलं. अण्णांना हे कळत होतं की नव्हतं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याच थंडीत आत्या आली. अण्णांची थोरली बहीण, पाथर्डीकडची. तिची मुलं-सुना ऊसतोडीला गेली की घरी एकटीला करमायचं नाही, मग ती आमच्याकडे येऊन राहायची. मायाळू, पण रीतीभातीला कडक. पहिल्याच संध्याकाळी आईची काडीपेटी हरवली, तशी आत्यानं स्वतःच्या कनवटीची काढून दिली. "भरल्या सांजंला घरात आंधार? लक्षुमी दारातून माघारी जाईन की. घे, मह्याकडं हाय." नशीब, त्या दिवशी गाडी वेळेवर होती आणि मी आधीच घरात होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी आईकडे. आता जे काय करायचं ते रेल्वेनंच करायचं होतं.

आणि रेल्वेनं ते केलं. पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी समोरची पॅसेंजर उशिरा धावत होती. त्यामुळे आमच्या स्टेशनात थांबून राहायचं कारणच उरलं नाही. मी दाराशी पिशवी घेऊन उभी, आणि गाडीचा वेग कमी व्हायचं नाव नाही. फलाट आला, कडुलिंब आला, पोर्टरनं धरलेलं, पुढं जायच्या परवानगीचं वेताचं कडं इंजिनवाल्यानं चालत्या गाडीतून उचललं, मास्तर हिरवं निशाण धरून तोंड वासून माझ्याकडे बघत मागे गेले. माझं स्टेशन, माझा रांजण, माझा ओढा, सगळं डोळ्यांसमोरून निघून गेलं. मी दारात बसकण मारली.

टी.सी. शेजारी येऊन उभा राहिला. "आज क्रॉसिंग श्रीगोंदा रोडला आहे," तो म्हणाला. आणि वर, "आज तुमचा पास पूर्णपणे लागू आहे."

मी त्याला दिवा, अट, आत्या, सगळं एका दमात सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच चष्मा न पुसता माझ्याकडे नीट पाहिलं. श्रीगोंदा रोड आलं तेव्हा पलीकडच्या रुळावर उशिरा आलेली पॅसेंजर टेकतच होती. टी.सी. माझ्या आधी खाली उतरला, रूळ ओलांडून मला पॅसेंजरच्या गार्डापर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, "हिचा पास बघून घ्या, बरोबर आहे. हिला हिच्या स्टेशनात उतरवा." मग मला म्हणाला, "ही गाडी तिथं थांबते. उभी राहत नाही, थांबते. फलाटावर उतरा आज." त्याच्या आवाजात थट्टा होती आणि काळजीही होती.

सगळं नियमानं झालं. पास खरा, थांबा खरा, फलाट खरा. स्टेशन मास्तरांनी फाटकाशी पास पाहिला आणि म्हणाले, "या. आज तुम्ही आलात." पण बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता, कारण त्यांच्या हातात कंदील होता. आकाशात चांदण्या निघाल्या होत्या.

मी ओढ्यात उतरले. वारा अजिबात नव्हता, वस्तीवरच्या चुलींचा धूर सरळ वर चढत होता. ओढ्यातून वर आले आणि समोर आमचं घर दिसलं. देवळीत दिवा लागलेला होता. ज्योत शेंगदाण्याएवढीच, पण मला ती डोंगरावरच्या वणव्याएवढी दिसली. संपलं. उद्यापासून नगर नाही, फळा नाही, टी.सी. नाही. अण्णा शब्दाचे पक्के, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही येईना. त्यांनी काय वाईट केलं होतं? रडायचं नाही असं ठरवून मी चालू लागले.

अर्ध्या वाटेवर दिवा दिसेनासा झाला.

मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून दिसत नाही. पदरानं डोळे पुसले, तरी काळोखच. अंगणाशी पोचले तर आत्याचा आवाज.

"आरं, आरं, काय केलंस ह्ये! भरल्या सांजंला!"

"म्या काय केलं?" अण्णा म्हणाले. "वारं आलं."

"कुठलं वारं? पान हालंना!"

"आलं आन गेलं. वारं काय तुला इचारून येतंय, आक्का?"

माझी चप्पल उंबऱ्याशी वाजली. मग अण्णांचा आवाज आला, "आली का पोर? लाव गं दिवा आता. कवाच्यान आंधारात बसलोय."

आईनं काडी ओढली. तिला काडीपेटी शोधावी लागली नाही, ती तिच्या मुठीतच होती. उजेड पडला तशी मला आधी दिसली ती अण्णांची टोपी. झोपताना सोडली तर डोक्यावरून न उतरणारी ती टोपी त्यांच्या हातात होती, पंख्यासारखी धरलेली.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "आन मघाशी म्या लावला, त्यो दिवा न्हवता व्हय?"

अण्णांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "त्यो नुसता पेटला हुता. लागला ह्यो आत्ता."

आत्या त्यांच्याकडे, माझ्याकडे आणि आईकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाशी धरून अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. अण्णा मात्र गंभीर. चंची सोडत, रोजच्यासारखं, त्यांनी विचारलं, "बस. काय म्हनला आज तुजा टीशी?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि ठरवलेलं सगळं मोडून हमसाहमशी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तंबाखूचा वास आला. आई आतून तांब्या घेऊन आली.

"आदी पानी तरी पी," ती म्हणाली.

त्या दिवशी मला खरोखरच तहान लागली होती.